बाळंतपणाची रजा

कारखान्यात जाणाऱ्या बाईला दिवस गेले, की घरात काळजी सुरू होते. काम सुटेल काय? सावकाराचे दार धरावे लागेल काय?

भिऊ नका. यासाठी 1961 साली कायदा झाला. मागल्या बारा महिन्यांत 80 दिवस काम भरले असेल, तर भरपगारी रजा मिळते. 2017 सालापासून ही रजा 26 आठवड्यांची आहे. आधीची दोन मुले असतील, तर 12 आठवड्यांची. रजेवरच्या बाईला कामावरून काढता येत नाही.

अर्ज लेखी द्या. डॉक्टरचा दाखला जोडा. बाळंतपणाआधीच्या रजेचे पैसे मालकाने आगाऊ द्यायचे असतात. पगारातून कामगार विमा कापला जात असेल, तर पैसे विमा कचेरी देते. ते औषधपाण्याला राखून ठेवा.

कोणी राजीनाम्यावर अंगठा मागितला, तर देऊ नका. आता तुम्हाला वाचता येते. आधी कागद वाचा, मग सही करा.