कॉलर उलटून घ्यायचे ६० रुपये

पहाटे ५.१०

कामठीच्या मेमध्ये इस्त्री करायची तर हीच वेळ. तासाभरानं लोखंड हातात धरवत नाही. जमिनीवर घोंगडी, घोंगडीवर जुनं धोतर, त्यावर पांढरा शर्ट. शर्टाला काल पेज लावली आहे. भाताची पेज बायको गाळून ठेवते, त्यात पाणी घालते, कॉलर आणि कफ तेवढे बुडवते. विकतचं स्टार्च घरात येत नाही.

आधी कॉलर. टोकाकडून मध्याकडे, म्हणजे टोकाला चुणी पडत नाही. मग कफ, मग बाह्या, पाठ, शेवटी बटणपट्टी. बटणांच्या मधून इस्त्रीचं नाक फिरवताना तो श्वास रोखतो. एक शर्ट, सात मिनिटं. बाहेर इस्त्रीवाला कपड्याचे १० घेतो. शर्ट-पँट मिळून दिवसाचे २०, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ५००. ही ५०० ची नोट तो हवेत धरून दाखवल्यासारखं बोलतो.

हा औषध कंपनीचा प्रतिनिधी. बाजारात एमआर. शुगर आणि बीपीच्या गोळ्या विकतो. वय ३८. नाव छापू नका म्हणाला. पंचेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडायचा बेत आहे आणि तो वरच्या साहेबांना कळला, तर पुढची बढती गेलीच म्हणून समजा.

५.५०

शेजारचे हवालदारकाका फिरून आले. एकोणिसाव्या वर्षी भरती, चोवीस वर्षं नोकरी, त्रेचाळिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन घरी. कामठी १८२१ पासून छावणीचं गाव. गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र इथंच आहे. चाळिशीच्या आसपास रिटायर झालेला, मिशीला पीळ देणारा माणूस इथं गल्लीगल्लीत सापडतो. आपल्या गड्याला लवकर सुटायची कल्पना पुस्तकातून आलेली नाही. ती भिंतीपलीकडून आली.

फरक एवढाच की काकांना सरकारनं पेन्शन दिली. याला स्वतःची स्वतः उभी करायची आहे.

आणि काका सध्या काय करतात? एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे असतात. चार महिने घरी बसले होते. “घर खायले उठते ना बाप्पा,” म्हणतात. हे ऐकून आपला गडी हसतो. मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं नाही.

७.३०

बूट. काळे, चामड्याचे, पाच वर्षांचे. तळवे दोनदा बदललेत. मोच्यानं मागच्या खेपेला १८० घेतले. ब्रशनं धूळ, मग जुन्या बनियनच्या चिंधीला बोटभर पॉलिश, मग दोन थेंब पाणी आणि गोल गोल घासणं. ही युक्ती काकांची. फौजी माणसाच्या हाताखाली शिकलेलं पॉलिश आहे, त्यात खिडकी दिसते.

डाव्या बुटाला करंगळीजवळ बारीक भेग आहे. तिच्यात तो पॉलिश जरा जास्त भरतो. सोफ्यावर बसून पायावर पाय टाकायचा झाला, तर उजवा वर.

९.१५

निघाला. पण बूट पायात नाहीत, पिशवीत आहेत. पायात रबरी चप्पल, अंगात विटका टी-शर्ट, डोक्या-तोंडाला पांढरा दुपट्टा. पांढरा शर्ट घडी घालून बॅगेत, वर वर्तमानपत्राचा कागद. कामठी रोडवर मेट्रोचं काम चालू आहे. ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत गाडी येते, आता ती कन्हानपर्यंत न्यायची आहे. त्या धुळीतून पांढरा शर्ट नेणं म्हणजे पेज वाया.

शंभर सीसीची बाइक, जुनी. लिटरला साठ देते. दिवसाला साधारण ५२ किलोमीटर होतात. कंपनी किलोमीटरला साडेतीन देते, म्हणजे १८२. पेट्रोल जातं नव्वद-एक रुपयांचं. टायर, ऑइल धरूनही थोडं उरतं. शिवाय रोजचा भत्ता ३००. खाण्यापिण्यासाठी दिलेला. त्यावरच तर त्याचा डोळा.

१०.२०

नागपुरात, धंतोलीत ओळखीच्या मेडिकल स्टोअरच्या मागच्या खोलीत कपडे बदलले. तीन मिनिटांत दुसराच माणूस बाहेर आला. टाय, ताठ कॉलर, चकचकीत बूट. रुमाल दोन. एक घामाचा, तो पँटच्या मागच्या खिशात. दुसरा दाखवायचा, तो कधी वापरायचा नाही.

११.००

हॉस्पिटलच्या बाहेरच्या बाकड्यावर नऊ एमआर. नऊही इस्त्रीचे. पाटी लावली आहे, पेशंट संपल्यावर फक्त पाच जण. कंपाउंडरला “दादा, कसे आहात” झालं. आता बसायचं.

बाकड्यावरची चर्चा गाडीची असते. एकानं मागच्या महिन्यात फोर-व्हीलर उचलली, हप्ता १४,०००. “तू कधी घेऊन राहिला?” याला विचारतात. हा म्हणतो, “बुक केली आहे, वेटिंग आहे.” तीन वर्षं वेटिंगच आहे. खोटं बोलतो, पण खरं सांगितलं तर कंजूस म्हणतील. कंजूस म्हटल्याचं दुःख नाही, पण धंद्यात ते पसरतं. ज्याची कमाई बरी दिसत नाही, त्याची गोळीही बरी चालत नसेल, असं लोकांना वाटतं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं औषध कंपन्यांसाठी नवी आचारसंहिता काढली, डॉक्टरांना भेटवस्तू देणं बंद. आता दारातून आत जातो तो माणूस, त्याची कॉलर आणि दोन वाक्यं.

१.३५

नंबर लागला. मी दाराच्या फटीतून घड्याळ लावून पाहिलं. ५० सेकंद. टॅबलेटवर तीन स्लाइड, ब्रँडचं नाव चारदा, “सर, या आठवड्यात पाच पेशंटना लिहा.” डॉक्टरांनी मान हलवली. अडीच तासांची बसणूक, ५० सेकंदांचं काम. बाहेर येऊन त्यानं मोबाइलवर कॉल नोंदवला. जागेसकट नोंद होते, घरी बसून खोटी भरता येत नाही.

२.१५

पार्किंगमध्ये कडुलिंबाखाली डबा. तीन पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा. टाय खांद्यावरून मागे टाकलेला, मांडीवर घामाचा रुमाल. बाकीचे समोरच्या एसी हॉटेलात गेले. महिन्यातून एकदा हाही जातो आणि बिल स्वतः देतो. हा खर्च वहीत ‘दिखावा’ या खात्यात पडतो. वर्षाचे १२,००० या खात्याला बांधून दिलेत. शर्टाचं कापड, शिलाई, पॉलिश, केस कापणं, लग्नातले आहेर, सगळं त्यातच.

३.३०

पारा ४४ च्या घरात. गंजीपेठेतल्या दवा बाजारात स्टॉकिस्टकडे. महिनाअखेर आहे, माल उचलून घ्यायचा. जिना चढताना पाठीला शर्ट चिकटतो, म्हणून बॅग पाठीला लावत नाही, हातात धरतो. स्टॉकिस्ट म्हणतो, “मागचंच पडून आहे.” दोघं घासाघीस करतात. वीस मिनिटांनी अर्धी ऑर्डर निघते. टार्गेट तरी ४०,००० नं कमीच. त्याचा चेहरा तेवढा काही उतरत नाही. इन्सेंटिव्ह हिशेबात धरायचंच नाही, मिळालं तर थेट बचतीत, असा घरचा नियम आहे. नोकरीतली भीती यानं कमी झाली असावी. बाकड्यावरच्या हप्तेवाल्यांना हा निवांतपणा नाही.

५.००

शिंपी. दुकान जिन्याखाली, मशीन आणि मास्टर मावतील एवढंच. निळ्या शर्टाची कॉलर मानेच्या घडीवर विरली आहे, सुतं दिसतात. मास्टर चष्मा कपाळावर सरकवतात, ब्लेडच्या टोकानं कॉलरची शिवण उसवतात, कॉलर बाहेर काढतात, उलटी करतात. आतली बाजू कोरी आहे. पट्टीत परत बसवतात, टाचणी, टीप. पंधरा मिनिटं. घेतले ६०. शर्ट दीड-दोन वर्षं आणखी चालेल. गांधीबागेतून कापड आणून नवा शिवला तर हजाराच्या आसपास जातात.

“आजकाल कोण उलटवतं,” मास्टर म्हणाले. “आठवड्याला दोन येतात.” आणि त्या दोघांत एक वकील आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

६.४५ ते ८.५०

संध्याकाळच्या ओपीडी. चार डॉक्टर झाले, एक परगावी. मधल्या वेळात तीन मेडिकलवाल्यांकडून कोणता डॉक्टर काय लिहितो याची विचारपूस. एक चहा, १० रुपये.

९.४०

परतीला पुन्हा चप्पल, टी-शर्ट. वडिलांचं घर आहे, दोन खोल्या आणि ओटा. भाडं नाही. या सगळ्या गणिताचा पाया तोच, आणि तो काही त्यानं वाचवलेला नाही.

बायको शेवटची शिकवणी आटोपून पोळ्या लाटत होती. शिकवणीचे महिन्याला ६,००० येतात. याचे हातात ५८,०००. मिळून ६४. खर्च २४. उरलेल्या ४० मधले १२,५०० पीपीएफला, कारण वर्षाला दीड लाखाच्या वर तिथं घेत नाहीत. २४,००० म्युच्युअल फंडांच्या एसआयपीत. ३,५०० आरोग्य विमा आणि अडीअडचणीला.

अमेरिकेत वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट जमलं की सुटता येतं असा आडाखा आहे. यानं तेहतीस पट धरली. आपली महागाई वेगळी, आणि काकांसारखी पेन्शन नाही. आजच्या खर्चानं ती रक्कम ९५ लाखांवर जाते. खर्च वाढेल तशी तीही वाढेल. मुलाचं कॉलेज त्यात नाही. मी विचारलं, तर म्हणाला, “ते वेगळं खातं काढायचं आहे.” अजून काढलेलं नाही.

१०.१५

वही. पेट्रोल ९१, चहा १०, कॉलर ६०. भत्त्यातून उरलं ते खाली लिहिलं.

बायको म्हणाली, “अहो, तुमच्या शर्टाला रोज पेज लागते. माझ्या कॉटनच्या साड्या दोन वर्षं इस्त्रीशिवाय नेसून राहिली मी. त्याचं काही नाही. पण कूलरच्या ताट्या सडल्या, पोरगा रात्रभर तळमळते.”

हे मागच्या उन्हाळ्यातही निघालं होतं. तेव्हा पावसाळा जवळ आला म्हणून राहिलं. माझ्या मते या घरातली खरी बचत तिची आहे. त्याला निदान चकचकीत बूट घालून बाहेर मिरवता येतं.

त्यानं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, ‘दिखावा’ खात्यात उरलेली रक्कम पाहिली आणि त्यातून काढायचं ठरवलं. ताट्या तिन्ही बाजूंच्या, लावणीसकट ४५०. रविवारी माणूस येणार आहे.