पाण्याचे गुणधर्म आणि पिकांचे जीवन

पाणी नित्य परिचयाचे असल्यामुळे त्याच्या गुणधर्मांचा विचार सहसा होत नाही. वस्तुतः खत देणे, कोळपणी, आच्छादन, निचरा इत्यादी शेतीतील कामे या गुणधर्मांवरच आधारलेली आहेत. ते समजून घेतल्यास कोणते काम का व केव्हा करावे, याचा उलगडा होतो.

द्रावक शक्ती : पाण्यात अनेक पदार्थ विरघळतात. जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश ही अन्नद्रव्ये पाण्यात विरघळल्यावरच मुळांवाटे पिकात शिरतात. म्हणूनच कोरड्या जमिनीत टाकलेले खत ओल मिळेपर्यंत पिकाच्या उपयोगी पडत नाही. जनावरांच्या शरीरातही पचलेले अन्न रक्तातील पाण्याबरोबरच सर्वत्र पोहोचते. गाईच्या दुधात शेकडा सुमारे ८७ भाग पाणी असते. यास्तव दुभत्या जनावरास स्वच्छ पाणी दिवसातून अनेकदा मिळाले पाहिजे.

केशाकर्षण : समईच्या वातीतून तेल जसे वर चढते, तसे मातीच्या कणांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी वर चढते. या क्रियेस केशाकर्षण म्हणतात. भारी काळ्या जमिनीचे कण अतिशय बारीक असल्यामुळे ती पुष्कळ पाणी धरून ठेवते. सोलापूर भागातील रब्बी ज्वारी मुख्यतः पावसाळ्यात साठलेल्या या ओलीवरच वाढते. परंतु जमीन सुकू लागली म्हणजे तिला भेगा पडतात व खोलवरची ओलही उडून जाते. कोळप्याने वरचा थर भुसभुशीत केल्यास भेगा बुजतात, केशनलिका तुटतात आणि तणही मरते. पीक तीन, पाच व आठ आठवड्यांचे झाल्यावर अशा तीन कोळपण्या द्याव्यात. ओळींमध्ये काडीकचऱ्याचे आच्छादन केल्यासही ओल टिकते.

उष्णता धारण करण्याची शक्ती : पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. नाशिक जिल्ह्यातील निफाड भागात कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेस पाणी देतात, ते याच कारणाने; ओली जमीन कोरडीइतकी लवकर थंड होत नाही. तसेच पाण्याची वाफ होताना ते भोवतालची बरीच उष्णता शोषून घेते. माठातील पाणी गार राहते ते यामुळेच. पिकाच्या पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाने पाने उन्हात अशीच थंड राहतात. एक किलो कोरडा चारा वा धान्य तयार होण्यास पिकाच्या शरीरातून शेकडो किलो पाणी जाते. म्हणूनच फुलोऱ्याच्या व दाणे भरण्याच्या वेळी ओल कमी पडली, तर उत्पन्नात मोठी घट येते.

अतिपाण्याचे दुष्परिणाम : जास्त पाणी म्हणजे जास्त पीक, ही समजूत घातक आहे. पोकळ्यांत पाणीच पाणी झाले म्हणजे मुळांना हवा मिळत नाही. शिवाय भूजलाची पातळी वर येते. हे पाणी केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढते. पाण्याची वाफ होऊन जाते, पण त्यात विरघळलेले क्षार उडत नाहीत, ते तेथेच साचतात. नीरा व प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्रांत कितीतरी सुपीक जमिनी अशाच रीतीने पाणथळ व खारवट झाल्या. ज्या पाण्याने उसाचे मळे फुलविले, त्याच पाण्याने निचऱ्याअभावी काही मळे नापीक केले.

यावर उपाय आहेत. पाणी मोजून द्यावे. शक्य तेथे ठिबक सिंचन वापरावे. निचऱ्यासाठी चर खणावेत व ते दरवर्षी साफ ठेवावेत. खारवट जमिनीतील क्षार चांगल्या पाण्याने धुऊन चरावाटे बाहेर काढता येतात. चोपण जमिनीस मात्र माती परीक्षणानुसार जिप्समही द्यावे लागते. शेजाऱ्याच्या शेतातील पाणी बांध ओळखत नाही. म्हणून चरांचे काम एकट्याने न करता शिवारातील सर्वांनी मिळून करणे अगत्याचे आहे. ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांनी त्यासाठी पुढाकार घ्यावा.

तात्पर्य, पाणी पुरेसे असणे जितके आवश्यक, तितकेच ते योग्य वेळी व योग्य प्रमाणात असणेही आवश्यक आहे. वाफसा ओळखणारा शेतकरीच पाण्याचा खरा लाभ घेऊ शकतो.