भाजीला जायचे तरी गाडीच?

आपल्या बेळगावात सायकल आता दोघांपुरतीच उरली आहे. शाळकरी मुलांची आणि पहाटे व्यायामाला निघणाऱ्या हौशी मंडळींची. मधली सारी पिढी स्कूटरवर. कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडीच बाहेर निघते.

हिशेब करून पाहा. शहापूरहून गणपत गल्ली फार तर दोन-तीन किलोमीटर. रमतगमत, ताशी १२ किलोमीटरने सायकल मारली तरी १५ मिनिटांत पोहोचतो. बाजारात गाडी लावायला जागा शोधण्यातच कितीतरी वेळ जातो! शिवाय अडीच हजार फूट उंचीवरची आपली हवा. वर्षातले बरेच महिने घामाची तक्रारही नाही.

कर्नाटक सरकारने २००६-०७ मध्ये आठवीच्या मुलामुलींना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली. खेड्यातल्या मुलीला हायस्कूल त्यामुळे जवळ आले. पण दहावी झाली की सायकल गोठ्यात नाहीतर जिन्याखाली जाते. कारण घरातले कोणीच मोठे माणूस सायकलवर दिसत नाही. मोठे होणे म्हणजे सायकल सोडणे, हा धडा मुले आपल्याकडूनच शिकतात.

खरी अडचण रस्त्याची कमी, मनाची जास्त आहे. मराठीत ‘लोक काय म्हणतील?’ आणि कन्नडात ‘मंदि एन् अंतार?’ भाषा दोन, भीती एकच.

सुरुवात करताना थोडी काळजी घ्यावी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकेल इतकी सीट उंच करा. बहुतेक जण ती फार खाली ठेवतात आणि गुडघे दुखले की सायकलीला दोष देतात. आठवड्यातून एकदा हवा तपासा. पावसाळ्यात चेनला वरचेवर तेल द्या. मागे कॅरिअर, पुढे बास्केट असली की भाजीची पिशवी हँडलला लटकवावी लागत नाही. संध्याकाळी निघणार असाल तर पुढे दिवा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. मोठ्या रस्त्यावर बस-ट्रकची वर्दळ असेल तर आतल्या गल्लीने जा. चार मिनिटे जास्त लागतील, पण जीव निवांत राहील.

गाडी विकून टाका, असे कोणी म्हणत नाही. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायला ती हवीच. पण दूध, गिरणी, भाजी, वाचनालय यांतले एक काम या आठवड्यापासून सायकलीला द्या. जिन्याखालची सायकल पुसा, हवा भरा आणि जाताना मुलांनाही सोबत घ्या.