प्रलयकथा आणि पुराचा गाळ

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते आणि दक्षिण भागातून तापी, आणि या दोन नद्यांच्या मधल्या सातपुड्यात तसेच नर्मदेपलीकडच्या माळव्यात जगबुडीच्या कथा एकाहून अधिक परंपरांनी जपल्या आहेत. स्कंदपुराणाच्या रेवाखंडात मार्कंडेय ऋषी अनेक प्रलयांचे साक्षीदार म्हणून येतात आणि सारी सृष्टी बुडाली तरी नर्मदा नाहीशी होत नाही असे सांगतात; शतपथ ब्राह्मणापासून भागवतापर्यंत मनू आणि माशाची कथा पुन्हा पुन्हा येते; आणि भिल्ल समाजात मासा, भाऊ-बहीण व कोंबडा यांची स्वतंत्र प्रलयकथा आहे. या कथा सुंदर आहेत की नाहीत हा वादाचा विषय नाही. वाद आहे तो त्या शब्दशः घडल्या असे मानण्याविषयी, आणि तसे मानणाऱ्यांची पहिली गाठ विज्ञानाशी नव्हे, तर खुद्द ग्रंथांशीच पडते.

शतपथ ब्राह्मणात हात धुताना मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो, तो वाढत जातो, पुराची सूचना देतो आणि शिंगाला दोर बांधलेली नाव उत्तरेकडील पर्वताशी नेतो. त्या कथेत मनू एकटाच वाचतो आणि मासा म्हणजे कोणत्या देवाचा अवतार आहे याचा उल्लेखही नाही. महाभारताच्या वनपर्वात नावेत सप्तर्षी आणि बीजे चढतात, मासा स्वतःला प्रजापती ब्रह्मा म्हणवतो आणि नाव हिमालयाच्या नौबंधन शिखराला लागते. मत्स्यपुराणात तोच मासा विष्णू होतो, तर भागवतात कथानायकच बदलून द्रविड देशाचा राजा सत्यव्रत येतो आणि मासा त्याला कृतमाला नदीत सापडतो. घटना एकच असेल आणि प्रत्येक शब्द खरा असेल, तर नावेत किती जण होते आणि मासा कोण होता, याची चार उत्तरे एकाच वेळी खरी मानावी लागतात. परंपरेतील जाणत्यांना हा भेद ठाऊक होताच, आणि तो कल्पभेदाने, म्हणजे वेगवेगळ्या सृष्टिचक्रांतील वेगवेगळ्या घटना मानून मिटवण्याची त्यांची रीत होती. पण अशी पळवाट शोधावी लागते, यावरूनच शब्दशः वाचन किती तग धरते ते दिसते.

दुसरी अडचण पाण्याच्या हिशेबाची आहे. अक्राणी तालुक्यातील अस्तंभा हा डोंगर, जिथे दिवाळीच्या सुमारास अश्वत्थाम्याची यात्रा भरते, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच आहे. पृथ्वीवरील सगळे बर्फ वितळले तरी समुद्राची पातळी सुमारे ७० मीटरच वाढेल, आणि वातावरणातील सगळी वाफ एकाच वेळी पाऊस होऊन पडली तर पृथ्वीवर सरासरी अडीच सेंटिमीटर पाणी साचेल. सरदार सरोवराची पूर्ण जलपातळी १३८.६८ मीटर आहे, म्हणजे अंटार्क्टिका आणि ग्रीनलँड दोन्ही वितळले तरी समुद्र आज या धरणाने गाठलेल्या उंचीच्या निम्म्यापर्यंतच येईल. एव्हरेस्ट बुडवायचे तर सुमारे ४५० कोटी घन किलोमीटर जादा पाणी लागेल, जे आजच्या सर्व महासागरांतील पाण्याच्या तिपटीहून अधिक आहे. ते आले कुठून आणि गेले कुठे, या साध्या प्रश्नाला शब्दशः वाचणाऱ्यांकडे चमत्काराखेरीज उत्तर नाही. आणि चमत्कार एकदा मान्य केला की पुराव्याची भाषा बोलण्याचा अधिकार उरत नाही.

काळाचा हिशेब याहून मनोरंजक आहे, कारण पुराणे आकडे देण्यात कंजुषी करत नाहीत. पौराणिक गणनेनुसार एक महायुग ४३ लाख २० हजार वर्षांचे असते, अशा ७१ महायुगांचे एक मन्वंतर होते, आणि सध्या वैवस्वत मन्वंतरातील अठ्ठाविसावे महायुग चालू आहे. मनूचा प्रलय या मन्वंतराच्या आरंभी धरला तर तो सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वी पडतो. त्या वेळी नाव बांधायला हिमालयच नव्हता, कारण भारतीय भूखंडाची आशियाशी टक्कर सुरू झाली तीच सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी. ज्या काळ्या कातळाने नंदुरबारचा सातपुडा बनला आहे, त्या बेसॉल्टचे लाव्हारस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आणि आधुनिक मानवाचा वावर फार तर ३ लाख वर्षांचा आहे. नर्मदेच्या खोऱ्यात मध्य प्रदेशातील बाघच्या परिसरात शिंपले आणि इतर सागरी जीवांचे जीवाश्म सापडतात हे खरे आहे, आणि त्यांकडे बोट दाखवून प्रलय सिद्ध करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु ते जीव एका पुरात वाहून आलेले नसून, माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधी या खोऱ्यात शिरलेल्या आणि तिथे दीर्घकाळ राहिलेल्या उथळ समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या जगले आणि मेले. बायबलच्या बाबतीत उलट, फार कमी वर्षांची अडचण होते. सतराव्या शतकातील आयरिश धर्माधिकारी जेम्स अशर यांनी नोहाचा प्रलय इसवी सनपूर्व २३४८ मध्ये बसवला, पण त्या सुमारास सिंधू संस्कृतीची नगरे भरभराटीत होती आणि नंतरही काही शतके नांदत राहिली.

शब्दशः वाचन असे मोडीत निघाल्यावर बहुतेक सुशिक्षित माणसे एक मधला मार्ग धरतात, आणि खरा संशय तिथेच घ्यायला हवा: कथा अतिशयोक्त असेल, पण तिच्या मुळाशी एखादी खरी घटना असलीच पाहिजे. हा मार्ग महाराष्ट्रात नवा नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मासा आणि माणूस यांच्या इंद्रियांत, आहारात व जन्मण्यात केवढा भेद आहे हे दाखवून मत्स्यावताराच्या जन्मकथेची रेवडी उडवली आणि मत्स्य म्हणजे समुद्रमार्गे लहान मचव्यांतून आलेल्या आक्रमकांचा प्रमुख असा अर्थ लावला. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या आर्क्टिकविषयक ग्रंथात अवेस्तामधील, भीषण हिवाळ्यातून वाचणाऱ्या यिमाच्या कथेशी सांगड घालून मनूचा प्रलय ही हिमयुगाची आठवण ठरवली, जरी शतपथ ब्राह्मणात येते ते पाणी, बर्फ नव्हे. फुल्यांची टीका आजही धारदार वाटते, टिळकांची विद्वत्ता दिपवून टाकते. तरी दोघांनीही कथेतून इतिहास काढताना आपल्याला हवा तोच इतिहास काढला, असे म्हणणे भाग आहे.

उत्खननातही हेच घडले. लिओनार्ड वूली यांना १९२९ मध्ये इराकमधील उर येथे अडीच-तीन मीटर जाडीचा स्वच्छ गाळ लागला आणि नोहाचा प्रलय सापडल्याची बातमी जगभर गेली. पण जवळच्याच एरिदूत तसा थर मिळाला नाही आणि इतर नगरांतील पुराचे थर वेगळ्या शतकांतले निघाले. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा येथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन करून ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे केले. अशा नदीकाठच्या टेकाडात पुराचा गाळ मिळाला, तर तो तापीच्या पुराची साक्ष देईल, जगबुडीची नव्हे.

नद्यांनी आपली नोंद स्वतःच ठेवली आहे. मोठ्या पुरात कातळातील घळीच्या आडोशाला, उपनदीच्या तोंडाशी किंवा कपारीत पाणी संथ होते आणि बारीक वाळू व गाळ खाली बसतो. पुढचा पूर त्यावर दुसरा थर टाकतो, आणि थरांतील कोळशाचे किंवा अन्य सेंद्रिय अवशेषांचे वय काढले की पुरांचा कालक्रम हाती येतो. पुणे विद्यापीठातील विश्वास काळे यांनी व्हिक्टर बेकर, लिसा इली आदी सहकाऱ्यांसह नर्मदा आणि तापीच्या घळींत असे थर अभ्यासले. नर्मदेच्या सुमारे १,७०० वर्षांच्या या नोंदीत एक महापूर नाही, अनेक आहेत. ते काही शतकांत दाटीने येतात, काहींत विरळ. कारण हवामानात आहे: बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे अनेकदा पश्चिमेकडे, म्हणजे नदी वाहते त्याच दिशेने सरकतात, त्यामुळे पाऊस आणि पुराचा लोंढा बरोबरच खाली उतरतात. सप्टेंबर १९७० मध्ये गरुडेश्वरला नर्मदेतून सेकंदाला सुमारे ६९ हजार घनमीटर पाणी गेले. अशा पुराने काठावरच्या माणसाचे सगळे जग बुडते, आणि प्रलयकथेला लागणारा अनुभव अशा पुरांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरवला जातो. त्यासाठी आरंभीचा एकच महाप्रलय मानण्याची गरज पडत नाही.

मग या कथा सांगतात तरी काय? सी. ई. लुआर्ड यांनी १९०९ मध्ये माळव्यातील भिल्लांची जी कथा प्रसिद्ध केली आणि जेम्स फ्रेझर यांनी पुढे जगभरच्या प्रलयकथांत घेतली, तीत माशाला खाऊ घालणारा एक धोबी मोठ्या पेटीत आपल्या बहिणीसह आणि एका कोंबड्यासह वाचतो. कोंबड्याच्या आरवण्याने रामाला पेटीचा पत्ता लागतो. राम त्या माणसाला उत्तर, पूर्व आणि पश्चिम या दिशांना तोंड करायला लावून विचारतो, तेव्हा ही बहीण आहे असे तो शपथेवर सांगतो. दक्षिणेकडे तोंड करताच मात्र ती बायको असल्याचे म्हणतो. इशारा माशाने दिला हे कळल्यावर माशाची जीभ कापली जाते. त्या जोडप्याला सात मुले आणि सात मुली होतात. थोरल्याला राम घोडा देतो, पण त्याला घोड्यावर बसता येत नाही, म्हणून तो लाकडे तोडायला रानात जातो आणि त्याचे वंशज भिल्ल होतात. या कथेत पुराच्या पाण्याला फारशी जागा नाही. सगळी माणसे एकाच जोडप्याची असतील तर भावा-बहिणीचा विवाह टळतो कसा, मासा मुका का, आणि घोडा दुसऱ्यांकडे व रान आपल्याकडे का, हे तिचे प्रश्न आहेत. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत बोचरा आहे, कारण घोडेस्वार राजपूत सत्ताधारी आणि डोंगरात रेटले गेलेले भिल्ल ही माळव्यातील प्रत्यक्ष स्थिती होती, आणि घोडा भिल्लांना इतका मोलाचा होता की मातीचे घोडे ते देवाला वाहतात. प्रलयाची तारीख शोधणाऱ्याच्या हाती या कथेतून काही लागत नाही. सत्ता कोणाकडे गेली आणि ती का गेली असे भिल्लांना वाटत होते, याचा मात्र तिच्यात सरळ जबाब आहे.