खांदा टेकला की नाही? महाराष्ट्र केसरीच्या निकालांबद्दलचे काही गैरसमज

पुण्यात कोथरूडला 14 जानेवारी 2023 रोजी महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची शेवटची कुस्ती लागली. एका बाजूला मोहोळचा, पण कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला सिकंदर शेख, तर दुसऱ्या बाजूला मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड. महेंद्रनं बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती महेंद्रच्या बाजूनं फिरली. त्याच संध्याकाळी माती आणि गादी विभागांच्या विजेत्यांमधल्या किताबाच्या लढतीत शिवराज राक्षेनं महेंद्रला मिनिटाच्या आत चितपट केलं, गदा राक्षेच्या खांद्यावर गेली. तरी चर्चा राक्षेची झालीच नाही. आजही कोल्हापूर-सोलापूरकडच्या कुठल्याही तालमीत विषय काढा, बोलणं त्या चार गुणांवर येऊन थांबतं. तेव्हा तर पंचांना फोनवरून धमकी आली, प्रकरण पोलिसांत गेलं.

पंच बरोबर होते की चूक, हे मी इथे ठरवणार नाही. पण हा वाद ज्या गृहीतकांवर चालतो त्यातली निम्मी मुळातच चुकीची आहेत, आणि त्यांची शिक्षा मल्लांना आणि पंचांना भोगावी लागते.

पहिलं गृहीतक असं: सिकंदर चितपट झालाच नाही, मग तो हरला कसा? हा जत्रेतल्या फडाचा हिशेब आहे. जत्रेत निकाली कुस्ती असते. पाठ लागेपर्यंत खेळायचं, नाहीतर बरोबरीत सोडवायची. महाराष्ट्र केसरी गुणांवर चालते. मातीवर असो वा गादीवर, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. चितपट हा जिंकण्याचा सर्वात मोठा मार्ग आहे, एकमेव नाही. मात्र त्याचं मोल गुणांहून किती मोठं आहे, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये 4 ऑगस्ट 2021 रोजी साऱ्या देशानं पाहिलं. उपांत्य फेरीत रवी दहिया कझाकस्तानच्या सनायेवविरुद्ध 2-9 असा मागे होता. शेवटच्या मिनिटात त्यानं प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे टेकवले आणि फलकावरचे नऊ गुण कवडीमोल झाले.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे. ‘टांगेला दोनच गुण असतात, चार दिलेच कसे?’ गुण डावाच्या नावाला नसतातच. टांग, ढाक, झोळी, कलाजंग, काहीही मारा, पंच बघतो ते मल्ल कुठे आणि कसा पडला एवढंच. उभ्यानं पकडून खाली आणलं आणि मागून ताबा घेतला, तर दोन. पण उभ्यावरून मारलेल्या डावानं समोरचा मल्ल थेट धोक्याच्या स्थितीत गेला, तर चार. धोक्याची स्थिती म्हणजे काय, हेही नियमात लिहिलेलं आहे: पाठ जमिनीकडे वळलेली हवी आणि तिचा जमिनीशी होणारा कोन 90 अंशांपेक्षा कमी हवा. मल्ल कुशीवर पडला तर एक हिशेब, पाठ जरा जास्त कलली तर दुसरा. सिकंदरच्या बाजूचं म्हणणं होतं की तो धोक्यात गेलाच नाही. पंचांना तो गेलेला दिसला. भांडण होतं ते या कोनाचं, आणि तो कोन टिकतो पापणी लवेपर्यंत.

म्हणूनच मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपवरून निकाल लावणाऱ्यांना माझं सांगणं आहे की कॅमेरा कुठे होता ते आधी बघा. गॅलरीतून वरून घेतलेल्या चित्रणात पाठ आणि जमीन यांच्यामधली फट दिसत नाही. कुस्ती खाली गेली की पंच पोटावर आडवा होतो, गाल जवळजवळ गादीला लावतो आणि खांद्याखालून उजेड दिसतो का ते पाहतो. ती फट फक्त तिथूनच कळते. तिथूनही कधीकधी मल्लाचा हात किंवा डोकं मध्ये येतं. साइड पंच दुसऱ्या अंगाला बसवलेला असतो तो यासाठीच.

इथेच तिसरी गोष्ट येते. शिव्या पडतात त्या मैदानातल्या पंचाला, जणू त्या एकट्यानं सगळं ठरवलं. नियमानं काम तिघांचं असतं: मैदानातला मुख्य पंच, साइड पंच आणि मॅट चेअरमन. गुणांवर मतभेद झाले तर तिघांतल्या दोघांचं मत चालतं. चितपटीला तर मॅट चेअरमनचा दुजोरा लागतो, आणि त्याला ती क्षणभर दिसलीच नसेल तर साइड पंचाचा. एखादा निकाल खरोखर चुकला असेल, तर ती चूकही एका माणसाची नसते.

चितपटीचा विषय अहिल्यानगरला 2 फेब्रुवारी 2025 रोजी पेटला. गादी विभागाच्या शेवटच्या कुस्तीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल लागला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असं राक्षेचं म्हणणं. वाद वाढला, त्यानं पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे किताबाच्या लढतीत पंचांचा निर्णय न पटल्यानं महेंद्र गायकवाड काही सेकंद उरलेले असताना मैदान सोडून गेला आणि मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड दोघांवरही तीन वर्षांची बंदी आली. राक्षेचा खांदा टेकला नसेलही. तरी ती लाथ मला कुठल्याच अंगानं समर्थनीय वाटत नाही. पंचावर हात टाकणं खपवून घेतलं, तर उद्या पंचगिरी करायला माणूस मिळणार नाही.

त्या दिवशी गर्दीतून आणि नंतर बातम्यांखालच्या चर्चेत एक वाक्य सारखं ऐकू आलं: ‘तीन आकडे मोजायला हवे होते.’ हे टीव्हीवरच्या करमणुकीच्या कुस्तीतून आलंय. खऱ्या कुस्तीत मोजणी नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले हवेत आणि वरच्या मल्लाचा पुरता ताबा आहे हे पंचाला दिसेल इतका वेळ ते टेकलेले राहायला हवेत. मग पंच गादीवर हात मारतो, शिट्टी वाजते आणि कुस्ती संपते.

गुण समान झाले तर बरोबरी, हाही असाच जत्रेतून आलेला समज. आधी मोठ्या गुणाचा डाव कुणी मारला ते पाहतात, मग ताकीद कुणाला कमी मिळाली ते, आणि तेही सारखंच असेल तर शेवटचा गुण ज्याचा, तो विजयी.

‘व्हिडिओ पाहून नंतर निकाल बदला’ ही मागणी दर वेळी होते. दाद मागायची सोय आहे, पण ती कुस्ती चालू असताना. निर्णय पटला नाही तर कोपऱ्यातला प्रशिक्षक स्पंज आत टाकतो, चित्रण पाहिलं जातं. आव्हान फसलं तर समोरच्याला एक गुण मिळतो आणि पुढच्या आव्हानाचा हक्क जातो. कुस्ती संपल्यावर मात्र आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे निकाल बदलत नाही. पंचांनी अधिकाराचा गैरवापर केल्याचं दिसलं तर त्यांच्यावर कारवाई होऊ शकते, पण हरलेला मल्ल हरलेलाच राहतो. हे कठोर आहे, मान्य. म्हणूनच कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाला नियम तोंडपाठ हवेत. 1952 साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधवांना जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर लगेच सोव्हिएत मल्लासमोर उभं राहावं लागलं. मधली विश्रांती नियमानं मिळत होती, पण ती हक्कानं मागायला भारताचा जबाबदार अधिकारी तिथे नव्हता, असं आजवर सांगितलं जातं. त्यांना कांस्यपदक मिळालं. ती विश्रांती मिळाली असती तर रौप्य की सुवर्ण, हा वाद त्यांच्या गोळेश्वर गावात अजून संपलेला नाही.

आपल्या मैदानांत मला खटकतं ते वेगळंच. शंकर पुजारींसारखे निवेदक हलगीच्या ठेक्यावर प्रत्येक डाव जिवंत करतात, पण चार गुण का दिले, हे पंचांच्या बाजूनं लाउडस्पीकरवर कुणी सांगत नाही. आव्हान झालं की ते चित्रण मोठ्या पडद्यावर दाखवावं आणि मॅट चेअरमननं माइक हातात घेऊन दोन वाक्यांत कारण सांगावं: पाठ एवढी वळली, म्हणून चार, किंवा वळली नाही, म्हणून दोन. पटणार नाही अशांना पटणार नाहीच, पण निदान भांडण कोनावर होईल, पंचाच्या गावावर आणि तालमीवर नाही.