तीन भाषांच्या घरातले बाळ

नागपुरातील कित्येक घरांत बाळाच्या कानांवर एकाच दिवशी तीन भाषा पडतात. आजी वऱ्हाडी वळणाच्या मराठीत बोलते, भाजीवाल्याशी व्यवहार हिंदीत होतो, आणि आईवडील हौसेने इंग्रजी शब्द पेरत असतात. हे आजचे नाही. १९५६ पर्यंत हे शहर मराठी व हिंदी अशा दोन्ही मुलखांच्या प्रांताची राजधानी होते. ‘काय करून राहिला’ या बोलण्यात तो शेजार आजही ऐकू येतो.

अशा घरातले मूल दोन वर्षांचे होऊनही बोलू लागले नाही, की दोष भाषांच्या गर्दीला दिला जातो. ‘घरात एकच भाषा ठेवा’ असा सल्ला मिळतो आणि बहुधा आजीच्या मराठीवर गदा येते. या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. दोन-तीन भाषांत वाढणारे मूल त्यांची सरमिसळ करते, एका भाषेतले शब्द त्याच्यापाशी थोडे कमी असू शकतात; परंतु अनेक भाषा ऐकल्यामुळे वाचा खुंटत नाही.

बाळाचा कान किती तयारीचा असतो, हे जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवून दिले. इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक कळत होता, जो त्यांच्या आईवडिलांना सहसा कळत नाही. वर्षाच्या सुमारास ही क्षमता ओसरली, कारण ते ध्वनी त्यांच्या भोवती नव्हते. आपले मूल ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणते तेव्हा आपल्याला हसू येते, पण न शिकवलेला नियम त्याने स्वतःच शोधलेला असतो.

हे सारे कानावर अवलंबून आहे. म्हणून न बोलणाऱ्या मुलाच्या भाषा मोजण्याआधी त्याला ऐकू येते का, हे पाहावे. जन्मतः बहिरे बाळही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते, हसते. त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सहसा सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ऐकू यायला हवी, ती येत नाही. पाठीमागे ताट वाजवून घेतलेली घरगुती परीक्षा फसवी असते. अंशतः श्रवणदोष असलेल्या बाळाला ताटाचा दणका ऐकू येतो, ‘स’ किंवा ‘श’ मात्र निसटतात. ‘याचा बापही उशिराच बोलला होता’ या वाक्याने तर किती मुलांचे मोलाचे महिने घालवले असतील!

हजार नवजातांमागे एक ते तीन बाळांत लक्षणीय श्रवणदोष आढळतो. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांचा आरंभ, हा तज्ज्ञांचा सर्वमान्य क्रम आहे. तपासणी झोपलेल्या बाळाचीही होते. ती वेदनारहित असते. वर्ष उलटूनही बाळ नावाला प्रतिसाद देत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल, दोन वर्षांत ‘पाणी दे’सारखी दोन शब्दांची जोडणी नसेल, किंवा आलेले शब्द हरपू लागले असतील, तर पुढच्या वाढदिवसाची वाट पाहू नये. मेडिकल किंवा मेयोच्या कान-नाक-घसा विभागात जावे. ऐकणे निर्दोष निघाले तर बालरोगतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ पुढची दिशा ठरवतील.

तोवर आजीने आपल्या बोलीत बोलणे थांबवू नये. भाकरी थापताना, आंघोळ घालताना, बाळाच्या तोंडाकडे पाहून बोलावे आणि त्याने काढलेल्या आवाजाला उत्तर द्यावे. मोबाइलवरची गाणी ते उत्तर देत नाहीत.