पुस्तक जगाच्या इतिहासाचे, कसोटी खुलताबादची

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांत जगाचा इतिहास मागायला दोन प्रकारची गिऱ्हाइके येतात. एक बी.ए., एम.ए.ची मुले. त्यांच्या मोबाइलवर विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडलेला असतो आणि त्यातल्या यादीतलेच पुस्तक त्यांना हवे असते. दुसरी अभ्यासिकांमधून येणारी स्पर्धा परीक्षेची मुले. ‘टॉपरने सांगितलेले’ एक नाव घेऊन ती येतात आणि जाडजूड पुस्तक पिशवीत टाकून जातात. त्या पुस्तकात आपल्याला हवे ते आहे का, हे उघडून पाहणारा क्वचितच भेटतो.

या पुस्तकांची मागणी वाढण्यामागे सरळ कारण आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ मध्ये मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास घातला. अठराव्या शतकापासूनच्या घडामोडी, औद्योगिक क्रांती, दोन महायुद्धे, बदललेल्या राष्ट्रसीमा, वसाहतवाद आणि त्याचा शेवट, भांडवलशाही, समाजवाद, साम्यवाद असा तो आवाका. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून त्याच धर्तीवर वर्णनात्मक केली. चार पर्यायांतून एक निवडायचे दिवस गेले. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला एवढे पाठ असून भागत नाही. त्या तहाने जर्मनीत कोणता असंतोष पेरला, हे सलग लिहून दाखवावे लागते. प्रश्नसंच आणि टिपणांच्या वह्या इथे कमी पडतात. पुस्तकच लागते, तेही कारणमीमांसा करणारे.

टॉपरांच्या यादीत बहुतेक वेळा पहिले नाव असते नॉर्मन लो यांच्या ‘मास्टरिंग मॉडर्न वर्ल्ड हिस्टरी’चे. १९८२ मध्ये पहिल्यांदा निघालेल्या या पुस्तकाची पाचवी आवृत्ती २०१३ मध्ये आली. मांडणी नीटस, मुद्देसूद, इतिहासकारांमधले वाद समजावून सांगणारी. पण पहिलेच प्रकरण १९१४ च्या जगाचे आहे. फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, जर्मनी-इटलीचे एकीकरण हे सारे त्याच्या आधीचे. म्हणजे ज्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी हे पुस्तक घेतो, त्याचा सुरुवातीचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा भाग त्यात नाहीच. हा लेखकाचा दोष नव्हे. त्यांनी ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांसाठी विसाव्या शतकाचा इतिहास लिहिला. आपला अभ्यासक्रम वेगळा आहे, एवढेच. अर्जुन देव आणि इंदिरा अर्जुन देव यांचे पुस्तक भारतीय वाचकाला अधिक जवळचे वाटते. आशिया-आफ्रिकेतल्या स्वातंत्र्यलढ्यांना त्यात मानाचे स्थान आहे. मात्र तेही सुरू होते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून.

मग आधीचे कुठे वाचायचे? एनसीईआरटीच्या २००६-०७ च्या मालिकेत नववीच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती, रशियन क्रांती आणि नाझीवाद, तर दहावीच्या पुस्तकात युरोपातला राष्ट्रवाद आणि औद्योगिकीकरणाचा काळ उत्तम मांडला आहे. अकरावीच्या पुस्तकात औद्योगिक क्रांतीवर स्वतंत्र प्रकरण होते. २०२२ मध्ये अभ्यासक्रम कमी करताना ते वगळले गेले. त्यामुळे या पुस्तकाची जुनी प्रत मिळाली तर ती नव्या प्रतीपेक्षा जास्त कामाची.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापुढचा पेच वेगळा. मराठीत ‘आधुनिक जगाचा इतिहास’ या किंवा अशाच नावाची पुस्तके कमी नाहीत. नागपूरच्या सुमन वैद्य आणि शांता कोठेकर यांचे ‘आधुनिक जग’ पदवीच्या संदर्भग्रंथांच्या यादीत आजही दिसते. परंतु अशी बरीच पुस्तके एकेका विद्यापीठाच्या एकेका पेपरसाठी लिहिली गेली. अभ्यासक्रम बदलला की पुस्तक मागे पडते, किंवा जुनाच मजकूर नव्या मुखपृष्ठाखाली येतो. म्हणून आधी शेवटचे प्रकरण उघडावे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला, तो का कोसळला आणि त्यानंतर शीतयुद्धाच्या जगाचे काय झाले, हे दोन परिच्छेदांत उरकले असेल तर आवृत्ती नवी आणि पुस्तक जुने, असे खुशाल समजावे.

यापुढची कसोटी मराठवाड्याच्या वाचकाला शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर सापडते.

खुलताबाद म्हटले की औरंगजेबाची कबर आठवते. हैदराबादच्या पहिल्या निजामाची कबरही तिथलीच. त्याच परिसरात तुर्की धाटणीची एक कबर बांधली गेली आणि ती रिकामीच राहिली. ती होती ऑटोमन घराण्यातला शेवटचा खलिफा दुसरा अब्दुल मजीद याच्यासाठी. पहिल्या महायुद्धात ऑटोमन साम्राज्य हरले. मुस्तफा कमालच्या नेतृत्वाखालच्या तुर्कस्तानाने ३ मार्च १९२४ रोजी खिलाफत बरखास्त केली आणि अब्दुल मजीदला देशाबाहेर काढले. फ्रान्समधल्या नीस शहरात राहणाऱ्या या पदच्युत खलिफाला निजाम मीर उस्मान अली खानाने तनखा दिला. १९३१ मध्ये नीसमध्येच खलिफाची मुलगी दुर्रुशेहवार हिचा विवाह निजामाचा थोरला मुलगा आझम जाह याच्याशी झाला. अब्दुल मजीद ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसला वारला, तेव्हा दुसरे महायुद्ध पेटलेले होते. पुढे १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानच उरले नाही. अखेर १९५४ मध्ये त्याचे दफन मदिनेत झाले.

या एका कबरीत केवढा अभ्यासक्रम सामावला आहे! ऑटोमन साम्राज्याचा अंत, तुर्की राष्ट्रवाद, भारतातली खिलाफत चळवळ, संस्थानांचे राजकारण, दुसरे महायुद्ध, हैदराबादचे विलीनीकरण. आता हाती घेतलेल्या पुस्तकातले तुर्कस्तानाचे प्रकरण वाचावे. आपल्याकडे खिलाफत चळवळ भारताच्या इतिहासात शिकवतात आणि खिलाफतीचा शेवट जगाच्या इतिहासात; दोन्ही एकमेकांना भेटतच नाहीत. चळवळ भारतात का पेटली आणि १९२४ नंतर तिच्या पायाखालची जमीन कशी सरकली, हे जे पुस्तक एका धाग्यात सांगते, त्याच्या लेखकाला विषय कळला आहे. कमालच्या सुधारणांची ‘एक ते दहा’ यादी देऊन जे मोकळे होते, ते बाजूला ठेवावे.

दुसरी कसोटी कापसाची. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६१ ते १८६५ या काळात झाले. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस तोवर अमेरिकेतून यायचा. तो बंद होताच लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. भाव कडाडले, मुंबईत सट्ट्याचा पैसा खेळू लागला आणि दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव पडले, कर्ज मात्र राहिले. वर सरकारी साऱ्यात वाढ. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, खातेवह्या आणि कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे या नावाने हा प्रसंग ओळखला जातो. यादवी युद्धाचे प्रकरण लिंकन आणि गुलामगिरीपाशी संपते, की कापसाच्या गाठीमागून सुप्यापर्यंत येते, हे पाहण्यासारखे असते. जगाच्या इतिहासात आपण फक्त प्रेक्षक नव्हतो, हे ज्या पुस्तकाला ठाऊक आहे, ते लक्षातही जास्त राहते.

तिसरी गोष्ट वादांची. पहिल्या महायुद्धाला जबाबदार कोण? व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमाने जबाबदारी जर्मनी आणि तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली. जर्मन इतिहासकार फ्रिट्झ फिशर यांनी १९६१ मध्ये जर्मन राज्यकर्त्यांच्या विस्तारवादी उद्दिष्टांवर बोट ठेवले आणि त्यांच्याच देशात गदारोळ उडाला. ख्रिस्तोफर क्लार्क यांनी २०१२ च्या ‘द स्लीपवॉकर्स’मध्ये एका देशाला आरोपी ठरवण्याऐवजी सगळ्याच राजधान्यांमधल्या निर्णयांचा माग काढला. पाठ्यपुस्तकात एवढा तपशील नसला तरी चालेल. मात्र या प्रश्नाला एकापेक्षा जास्त उत्तरे आहेत, हे तरी त्याने सांगायला हवे. वर्णनात्मक परीक्षेत ‘चर्चा करा’ असे विचारतात, ते यासाठीच.

नकाशे, सूची आणि विशेषनामे पाहायला पाच मिनिटे लागतात. १९१४ आणि १९१९ च्या युरोपचे नकाशे शेजारी शेजारी नसतील, तर सीमा कशा बदलल्या हे नुसत्या वर्णनातून डोळ्यांपुढे येत नाही. एकाच माणसाचे नाव तीन पानांवर तीन तऱ्हांनी छापलेले असेल, तर मजकूर घाईत जोडला आहे हे ओळखावे.

पाठ्यपुस्तक रुक्ष वाटते तेव्हा मराठीत सोबतीला चांगली पुस्तके आहेत. नाझी जर्मनीवर वि. ग. कानिटकरांचे ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’, रशियावर गोविंद तळवलकरांचे ‘सोव्हिएत साम्राज्याचा उदय आणि अस्त’, चीनवर अरुण साधूंचे ‘आणि ड्रॅगन जागा झाला’. ही परीक्षेसाठी लिहिलेली नाहीत, त्यामुळे यांच्यावर विसंबून पेपर सोडवता येणार नाही. मात्र ही वाचल्यावर पाठ्यपुस्तकातली कोरडी नावे माणसांची वाटू लागतात.

थोडक्यात, सगळा अभ्यासक्रम व्यापणारे एकच पुस्तक शोधत बसू नये. बारावीचे बालभारतीचे इतिहासाचे पुस्तक आधी वाचावे. युरोपातले प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण आणि शीतयुद्ध अशी वाट ते सोप्या मराठीत दाखवते आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. त्यानंतर क्रांत्यांसाठी एनसीईआरटी आणि विसाव्या शतकासाठी लो किंवा देव यांच्यापैकी एक, एवढे पुरे. मोठे पुस्तक विकत घेण्याआधी शहरातल्या शासकीय विभागीय ग्रंथालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते मिळते का पाहावे, तुर्कस्तानाचे प्रकरण बसून वाचावे आणि मगच पैसे मोजावेत.